कपाट कितीला गेलं?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. आनंदाचीच गोष्ट. बातम्यांमध्ये चौरस फूट मोजले गेले, मजले मोजले गेले, लिफ्ट आणि पार्किंगचीही चर्चा झाली. पण १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या खोल्यांमध्ये तीन-तीन पिढ्यांचं काय काय साठलं होतं आणि खोल्या रिकाम्या करताना ते कुठे गेलं, हे मोजायची आपल्याकडे पद्धतच नाही.

हा प्रश्न एकट्या वरळीचा नाही. मुंबईत १९६९ साली उपकर योजना सुरू झाली तेव्हा शहर भागात अशा १९,६४२ जुन्या इमारती मोजल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य १९४० च्या आधीच्या होत्या. त्यातल्या हजारो अजून पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. पुण्यातल्या पेठांमधले वाडे तर आपल्या डोळ्यांसमोर गेले. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, कुठेही जा, सोसायटीच्या गेटवर बिल्डरचा बोर्ड लागलेला दिसतो. आता असा बोर्ड लागला की आतल्या सामानाचं काय होतं, ते बघू.

पुनर्विकासात सगळं एका तारखेवर येऊन अडतं, ती म्हणजे घर रिकामं करायची तारीख. नवं घर तीन-चार वर्षांनी मिळणार असतं. तोवर संक्रमण शिबिर किंवा भाड्याचं घर. आजोबांच्या काळातलं शिसवी कपाट जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतात, टेम्पोचे पैसे वेगळे, आणि भाड्याच्या घराच्या दारातून ते आत जाईल याची खात्री नाही. मग आठवडाभरात निर्णय होतो. कुणीतरी कुणाचा तरी नंबर देतं, एक माणूस येतो, खोलीभर नजर फिरवतो आणि एकच आकडा सांगतो. कपाट, पलंग, आरसा, दोन खुर्च्या, माळ्यावरची पेटी, सगळं मिळून एकगठ्ठा. पितळ-तांबं असेल तर ते वजनावर. ‘मोड’ या शब्दातच सगळं आलं. हंडा असो, घंगाळ असो, नक्षी असलेला पानाचा डबा असो, काट्यावर चढला की सगळ्याचं एकच, किलोला किती? आमच्या आजीचा पाणी तापवायचा बंब असाच गेला. त्याच आकाराचा बंब आता एका हॉटेलच्या रिसेप्शनवर दिव्याखाली उभा आहे, आणि येणारा प्रत्येक जण त्याच्यासोबत सेल्फी काढतो.

या व्यवहारात कुणी फसवतं असं म्हणायची घाई करू नका. येणारा माणूस जोखीम घेतो, हमाली देतो, गोदामाचं भाडं भरतो. त्याने उचललेल्या दहा वस्तूंपैकी सात खरंच भंगार निघतात. प्रश्न वेगळा आहे. उरलेल्या तीन कुठल्या, हे त्याला माहीत असतं आणि विकणाऱ्याला नसतं. अर्थशास्त्राच्या पेपरला आपण ‘माहितीची विषमता’ म्हणून जे पाठ करतो, ते इथे भर दुपारी घरात घडत असतं. वर घाई एकाच बाजूला असते. ज्याला घाई आणि ज्याला माहिती नाही, तो एकच माणूस असला की भाव दुसराच ठरवतो.

पुढचा प्रवास बघा. मुंबईत ही वस्तू चोर बाजारात मटन स्ट्रीटला जाते किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये. पुण्यात बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे छोटं सामान येतं. वाटेत हात बदलतात. एक जण वेगळं काढतो, दुसरा पॉलिश करतो, तिसरा तुटलेली मूठ त्याच काळातली शोधून बसवतो, चौथा चांगला फोटो काढतो. शेवटच्या दुकानात तिच्यावर ‘व्हिंटेज’ असं लेबल लागतं. घरातून निघाल्यापासून लेबल लागेपर्यंत प्रत्येक हाताने थोडं कौशल्य घातलेलं असतं, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण सगळ्यात मोठी उडी पहिल्या दोन टप्प्यांत असते. वस्तूवर काम व्हायच्याही आधी, फक्त ती ओळखली जाते तेव्हा.

आता अमेरिकेकडे बघू, कारण तिथे याच कामाची एक ठरलेली पद्धत आहे. तिला म्हणतात ‘इस्टेट सेल’. घरातलं माणूस गेलं किंवा म्हातारं जोडपं मोठं घर सोडून छोट्या घरात निघालं की कुटुंब एका कंपनीला बोलावतं. ती कंपनी आठ-पंधरा दिवस घरात बसून चमच्यापासून सोफ्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावते. मग सहसा शुक्रवार ते रविवार घराचं दार उघडतं. कुणीही यावं, स्वयंपाकघरात शिरावं, कपाटं उघडावीत, हवं ते घेऊन दाराशी पैसे द्यावेत. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी थोडी कमी, शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी निम्मी. कंपनी विक्रीतून आपली टक्केवारी कापते, साधारण तीस-चाळीस टक्के, कधी त्याहून जास्त. आपले एमएसला गेलेले सीनियर नव्या अपार्टमेंटसाठी टेबल-खुर्च्या शोधतात, त्यात अशा सेलचाही वाटा असतो.

यात रोमँटिक काही नाही. पहाटे रांगेत नंबर लावून उभे असतात ते बहुतेक डीलरच, आणि आत शिरल्या शिरल्या चांगला माल तेच उचलतात. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, वाढदिवसाची कार्डं डॉलर-दोन डॉलरला टेबलावर पडलेली दिसतात, ते बघवत नाही. शिवाय तिकडे अडचण उलटी आहे. आधीच्या पिढीने जमवलेलं महोगनीचं जड फर्निचर मुलांना नकोच आहे. ‘ब्राउन फर्निचर’ असं त्याला नावच पडलंय, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचे भाव जोरात पडले. त्याच काळात १९५०-६० च्या दशकातल्या साध्या, बारीक पायांच्या खुर्च्या मात्र चढ्या भावाने जाऊ लागल्या. वस्तू जुनी असली की महाग, असा काही नियम नाही. कुणाला हवी आहे, यावर सगळं आहे.

तरीही त्या पद्धतीत तीन गोष्टी आहेत ज्या आपल्याकडे नाहीत. प्रत्येक वस्तूला वेगळी किंमत असते, ती लिहून लावलेली असते, आणि एकापेक्षा जास्त गिऱ्हाईकं समोर असतात. एवढ्यानेच विकणाऱ्याची बाजू बरीच सावरते. कंपनीने टक्केवारी घेतली तरी.

मग आपल्याकडे हे का नाही? ‘आपली घरं लहान’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. पहिलं कारण म्हणजे गेलेल्या माणसाच्या वस्तू. त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण आपण देऊन टाकतो, विकत नाही. बऱ्याच घरांत त्यांना हात लावायलाही नको वाटतं. दुसरं, वाटणी. भावंडांमध्ये घराचीच वाटणी झालेली नसते, तिथे देव्हारा कुणाचा आणि झोपाळ्याच्या पितळी कड्या कुणाच्या, हा विषय कोण काढणार? सगळ्यांचं मिळून ते कुणाचंच नसतं, म्हणून शेवटी टेम्पोत जातं. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, ते म्हणजे लाज. दार उघडं टाकून, वस्तूंवर चिठ्ठ्या लावून विकायला बसलो तर लोक काय म्हणतील? ‘यांच्यावर ही वेळ आली’, असंच ना. बंद दाराआड कमी पैशांत गेलं तरी चालेल, पण चारचौघांत भाव करायचा नाही. या लाजेची किंमत कुणी काढत नाही. काढली तर ती हमालीपेक्षा नक्की जास्त भरेल.

खरं तर वस्तू देऊन वस्तू घेणं आपल्याला नवं नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आपल्या आई-आजीला चांगली माहीत आहे. स्टीलची भांडी घरोघरी आली तेव्हा कल्हईची कटकट नको म्हणून कितीतरी घरांतलं तांबं-पितळ मोडीत निघालं. त्या बायका अडाणी होत्या म्हणून नव्हे. रोज घासायचं त्यांनाच होतं. चिंचेने पितळ घासून हात दुखलेल्या बाईला ‘हेरिटेज’ सांगायला जाणं म्हणजे आपलाच आगाऊपणा. पण तेव्हा पितळाला वजनाखेरीज दुसरी किंमत असते हे सांगणारं कुणी दारात आलं नाही, हेही तितकंच खरं.

हे फक्त घरांत होतं असं समजू नका. सरकारनेही असंच केलं, तेही डिझाइनच्या जगात गाजलेल्या वस्तूंच्या बाबतीत. तुमच्या आवडत्या कॅफेत सागवानी लाकडाची, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारख्या पायांची, वेताच्या विणीची खुर्ची असेल तर ती बहुधा ‘चंडीगड खुर्ची’ची नक्कल आहे. १९५० च्या दशकात ल कोर्बुझिएच्या देखरेखीखाली चंडीगड शहर उभं राहत होतं, तेव्हा त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथली सरकारी कार्यालयं, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांच्यासाठी हे फर्निचर डिझाइन केलं. बनवलं तिथल्याच सुतारांनी. पुढे खुर्च्या डगमगायला लागल्या, वेत तुटला, कार्यालयांमध्ये प्लास्टिकच्या आणि फिरत्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर, आवारात ढीग करून टाकल्या आणि नेहमीच्या सरकारी पद्धतीने भंगार म्हणून लिलावात लॉटने काढल्या. युरोपातल्या डीलरांनी ते लॉट उचलले, डागडुजी केली, आणि पॅरिस-न्यू यॉर्कमध्ये एकेक खुर्ची लाखांमध्ये गेली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली. नंतर मोजदाद झाली तेव्हा शहरात असं १२ हजारांहून जास्त सामान शिल्लक असल्याचं नोंदलं गेलं. शिल्लक एवढं, तर गेलं किती असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

या गोष्टीतला मला आवडणारा तपशील वेगळाच आहे. त्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेला असतो. आपण कुठल्याही ऑफिसात बघतो तसाच, वेडावाकडा. आपल्या नजरेला तो नंबर म्हणजे सरकारी कळा. बाहेरच्या बाजारात त्याच नंबरामुळे किंमत वाढते, कारण खुर्ची नक्की कुठली आहे याचा तो पुरावा असतो. एमी सीगल या अमेरिकन कलाकर्तीने २०१३ मध्ये ‘प्रॉव्हेनन्स’ नावाची फिल्म केली, ती या खुर्च्यांचा माग उलटा काढते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यापासून सुरुवात, मग लिलाव, जहाज, आणि शेवटी चंडीगड. प्रॉव्हेनन्स म्हणजे वस्तूचा सात-बारा. कुणाकडून कुणाकडे आली, त्याची नोंद. आपण घर एकगठ्ठा विकतो तेव्हा कपाटाबरोबर हा सात-बाराही फुकट देऊन टाकतो. किंवा खरं सांगायचं तर फाडून टाकतो.

कायदा मदतीला येतो का? थोडासाच. १९७२ च्या पुरावशेष आणि कला-संपदा कायद्यानुसार साधारणपणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष धरली जाते, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. चंडीगडच्या खुर्च्या या मर्यादेच्या कितीतरी अलीकडच्या, म्हणून त्या सुटल्या. मुंबईतही तीच फट आहे. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या बाजूच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यातल्या बहुतेक १९३० च्या दशकातल्या. त्याच दशकात, नोव्हेंबर १९३७ मध्ये, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. आधुनिक घर कसं असावं, खोल्या कशा मांडाव्यात, हे बघायला सुमारे एक लाख लोक आले होते. म्हणजे इमारतीबरोबर आतलं घरही नवं घडत होतं. गोल कोपऱ्यांची कपाटं, तीन आरशांची ड्रेसिंग टेबलं ही त्याच काळाची चाल. आज इमारतीच्या बाल्कनीची जाळी बदलायची तर परवानगी लागते, आणि आतलं ड्रेसिंग टेबल टेम्पोत टाकायला काहीच लागत नाही. घरातल्या प्रत्येक खुर्चीवर सरकारने लक्ष ठेवावं असं मी म्हणत नाही, तो वेगळाच ताप होईल. पण कायदा वाचवेल या भरवशावर राहू नये एवढं नक्की.

वाचवलं ते वेड्या माणसांनी. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी अशा तेव्हा कुणी ढुंकूनही न बघणाऱ्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी लोकांनी टाकून दिलेली शेतीची, घरची अवजारं जमवून ‘गोवा चित्र’ उभं केलं. पण दोन संग्रहालयांत किती घरं मावणार?

आता आपल्या कामाचं. कारण या साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे विकत घेणाऱ्यांत, आपणच आहोत. पहिल्या पगारातून, स्टायपेंडमधून एखादी जुनी खुर्ची घ्यावी असं वाटणारे माझ्याच वर्गात पाच-सहा जण आहेत. जुन्या बाजारात गेलात तर समोरून छान दिसणारी वस्तू मागून बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले असतील तर ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, थोडे कमी-जास्त असतात. मशीनचे एकसारखे असतात. आतलं लाकूड पॉलिश न केलेलं आणि काळपट हवं. आतही चकचकीत असेल तर शंका घ्या. मागची फळी प्लायवूडची निघाली तर निदान ती नंतर बदलली आहे, हे समजून भाव करा. जोधपूरला जुन्यासारखं दिसणारं नवं फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते जुन्याच्या भावाने घेऊ नका. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली ताजा भुसा दिसला तर कीड अजून जिवंत आहे. ती खुर्ची कितीही आवडली तरी घरी आणू नका, आईच्या कपाटालाही लागेल. इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मिळाल्या तर सीट उलटी करून खाली बघा, बनवणाऱ्याचा शिक्का किंवा कागदाची चिठ्ठी असू शकते. या जातीची मूळ खुर्ची ऑस्ट्रियाच्या थोनेट कंपनीची, १८५९ ची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढीच. आयकियाच्या कितीतरी आधी फ्लॅट-पॅक झालेली. आणि हस्तिदंताचं काम असलेलं काहीही कुणी दाखवलं, ‘शंभर वर्षं जुनं आहे, चालतं’ म्हणालं, तरी हात लावू नका. त्याचा व्यापार बेकायदा आहे, वस्तूचं वय कितीही असो.

घेताना एक प्रश्न मात्र जरूर विचारा, ‘कुठल्या घरातून आलंय?’ दुकानदार सांगेलच असं नाही. त्यालाही तिसऱ्या हातून मिळालेलं असतं. पण गिऱ्हाईकं विचारायला लागली तर त्या उत्तराला बाजारात किंमत येते. आणि किंमत आली की ते जपलं जातं.

विकायच्या बाजूला तर आपण जास्त उपयोगी पडू शकतो. ज्या घरावर तारीख पडली आहे, तिथे फोन चालवता येणारं आणि दोन मोकळे रविवार असलेलं माणूस बहुधा आपल्याच वयाचं असतं. प्रत्येक वस्तूचा उजेडात फोटो, लांबी-रुंदी, लाकूड कुठलं, आणि आजी-आजोबांना विचारून एक-दोन ओळी. कुणी केलं, कधी घेतलं, कुठल्या गावाहून आणलं. धातूचं सामान घरच्या काट्यावर स्वतः मोजून ठेवायचं आणि कोरीव काम असलेलं त्यातून बाजूला काढायचं. निदान तीन जणांना वेगवेगळं बोलवायचं आणि एकगठ्ठा आकडा सांगितला की वस्तूवार मागायचा. जो वस्तूवार सांगायला अजिबात तयार होत नाही, त्याला चहा पाजून निरोप द्यायचा.

आणि लाजेचं म्हणाल तर त्यावरही तोड आहे. पुनर्विकासात एक घर रिकामं होत नाही, वीस-तीस घरं एकाच महिन्यात रिकामी होतात. चारचौघांत विकायची लाज एकट्याला वाटते, सगळ्या बिल्डिंगला वाटायचं कारण नाही. गणपतीत आपण त्याच पार्किंगमध्ये मंडप घालतो, खुर्च्या मांडतो, वर्गणीची पावती फाडतो. तसाच एक रविवार काढायचा. प्रत्येक घराने नको असलेलं सामान खाली आणायचं, चिठ्ठीवर किंमत आणि एक ओळ माहिती लिहायची. सकाळी दहा ते एक सोसायटीतल्याच लोकांसाठी. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा पाट आणि चौरंग तिसऱ्या मजल्यावर गेला तर तो निदान ओळखीच्या घरात राहील. दुपारनंतर बाहेरच्यांसाठी गेट उघडं, चारनंतर निम्म्या किमतीत. कॉलेजच्या एनएसएस युनिटला मदतीला घेतलं तर हमालीही वाचेल.

टेम्पोवाल्याला सोमवारी बोलवायचं.